ठाण्यातली तिसरी खुर्ची
महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाची चाळीस वर्षे आणि बुलढाणा जिल्हा

नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई पोलीस ठाण्यात गेली, की पूर्वी तिच्यापुढे दोनच वाटा असत. गुन्हा दाखल करायचा, म्हणजे संसारावर पाणी सोडायची तयारी ठेवायची. नाहीतर अदखलपात्र नोंदीचा कागद पदरात घेऊन त्याच घरात परत जायचे. या दोन वाटांच्या मधे बरेच काही असते, याची दखल ठाण्यात घेतली जात नव्हती. रात्री झोपायचे कुठे, पोरे कोणाकडे ठेवायची, माहेरचे उंबऱ्यात घेतील का, दागिने आणि भांडीकुंडी परत कशी मिळायची, हे प्रश्न कायद्याच्या कलमांत बसत नव्हते. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात या प्रश्नांसाठी एक वेगळी खुर्ची ठेवली गेली आणि तिच्यावर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून सुरू केलेल्या त्या कामाला नाव मिळाले ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’.

त्या एका खोलीतून निघालेले काम पुढे महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. त्याचा इतिहास मुंबईत सुरू होत असला, तरी बुलढाणेकराला तो परका वाटण्याचे कारण नाही. या इतिहासाची जुनी पाने आपल्याच जिल्ह्यात आणि आपल्याच विदर्भात लिहिली गेली आहेत.

आधीची वाट

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती सौम्य करून काळ्या पाण्याची केली गेली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या बदफैलीपणावर झोड उठली. त्या मुलाचा बाप कोण, हे मात्र कोणी विचारले नाही. तो प्रश्न विचारला बुलढाण्याच्या एका बाईने. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथील उपायुक्तांच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. स्वकीयांनीच त्यावर टीका केली, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले १९७५ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात.

ताराबाईंनी संस्था काढली नाही. संस्थेचा पाया त्याआधीच पुण्यात पडला होता. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या, बळजबरी झालेल्या विधवांना तेथे गुपचूप येऊन बाळंत होता येत असे. बाळंतपणानंतर मूल बरोबर न्यायचे की तेथेच ठेवायचे, हे त्या बाईच्या मर्जीवर सोडलेले होते. तिचे नाव उघड करायचे नाही आणि निर्णय तिचा तिने घ्यायचा, हे दोन नियम दीडशे वर्षांपूर्वी घालून दिले गेले. आजच्या कुठल्याही मदत केंद्राची परीक्षा याच दोन नियमांवर घ्यावी लागते. पुढे पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. या संस्थांनी बाईला छत दिले, शिक्षण दिले. मात्र ज्या घरात तिला मार बसत होता, त्या घराच्या दारापर्यंत जाण्याचे काम अजून कोणी अंगावर घेतले नव्हते.

मथुरा, मंजुश्री आणि रस्त्यावर आलेल्या बायका

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आताच्या गडचिरोलीतील देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार झाली. ‘मथुरा’ या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हा त्यांचा साधा मुद्दा होता. १९८० मध्ये ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारविरोधी परिषदेचे काम सुरू केले.

१९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि सुशिक्षित, खात्यापित्या घरांतल्या छळाची चर्चा उघड्यावर आली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. त्यातून नारी समता मंच उभा राहिला आणि ‘बोलते व्हा’ हे केंद्र सुरू झाले. बाईने आधी बोलावे, बाकीचे नंतर बघू, ही या केंद्राच्या नावातच सांगितलेली कामाची रीत होती. त्याच सुमारास स्त्रीमुक्ती संघटनेसारख्या गटांनी समुपदेशनाची कामे हाती घेतली. शहाद्याच्या आदिवासी भागात तर सत्तरच्या दशकातच श्रमिक बायकांनी दारूची मडकी फोडून आणि मारकुट्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारून आपल्या परीने उत्तर शोधले होते.

आंदोलनांमुळे १९८३ मध्ये कायदे बदलले. पोलिसांच्या किंवा सरकारी नोकराच्या ताब्यात असताना झालेला बलात्कार स्वतंत्र गुन्हा ठरला आणि भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा आता ‘घरातला मामला’ राहिला नाही, दखलपात्र गुन्हा झाला. पण कायदा कागदावर आला आणि बाई ठाण्यात पोहोचली, की तेथे तिला भेटणारा माणूस तोच होता. नव्या कायद्याला ठाण्याच्या आत एक माणूस हवा होता.

१९८४ : आयुक्तालयातली खोली

विशेष कक्षाची कल्पना या गरजेतून आली. समाजकार्याच्या संस्था तोवर पोलिसांच्या बाहेर राहून काम करत. मोर्चे काढत, निवेदने देत, कधी ठाण्यावर घेराव घालत. टाटा समाजविज्ञान संस्थेतील अंजली दवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी दिशा धरली. छळ झालेली बाई शेवटी जेथे जाते तेथेच समाजकार्यकर्तीने बसावे, असे त्यांनी ठरवले. ठाण्याच्या चार भिंतींत बसल्यामुळे तिच्या शब्दाला वजन येते. नवऱ्याला चिठ्ठी गेली की तो येतो, कारण ती चिठ्ठी ठाण्यातून आलेली असते. मात्र खुर्चीवर बसणारी बाई पोलिसांच्या हुकमाखाली नसते. तिची नेमणूक आणि देखरेख समाजकार्य संस्थेकडे असते, जागा आणि अधिकाराचा आधार पोलिसांकडून मिळतो. ही विभागणी जपली, म्हणूनच कक्ष टिकला. समाजकार्यकर्ती पोलिसांची मदतनीस झाली असती, तर ती कधीच बाईच्या बाजूने उभी राहू शकली नसती.

पुढच्या दहा वर्षांत मुंबईतच दादर आणि कांदिवली येथे कक्ष वाढले. २००१ पासून मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत ते उघडू लागले. २००५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे काम शासकीय योजना म्हणून स्वीकारले. तोवर प्रकल्प म्हणून चाललेले काम आता शासनाची जबाबदारी ठरले आणि पुढे राजस्थान, हरियाणासारख्या राज्यांनी याच धर्तीवर आपापली केंद्रे काढली.

मुंबईतच दुसऱ्या दारावरही असाच प्रयोग झाला. मार खाल्लेली प्रत्येक बाई ठाण्यात जात नाही, पण जखम मोठी असेल तर दवाखान्यात जावेच लागते. ‘पाय घसरून पडले’, ‘गरम तेल सांडले’ असे सांगून ती पट्टी करून घेते. हे ओळखून ‘सेहत’ संस्था आणि मुंबई महापालिकेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. जखमेची तऱ्हा पाहून परिचारिका विचारायला शिकल्या आणि कार्यकर्ती त्याच इमारतीत असल्याने बाईला दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे लागले नाही.

कामाची रीत

कक्षात आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काय हवे असते? बहुतेक वेळा तिला ‘त्यांना जरा समजावून सांगा’ एवढेच हवे असते. नवऱ्याला तुरुंगात घाला, अशी तिची मागणी नसते. नवऱ्याने दारू सोडावी, हात उचलू नये, संशय घेऊ नये आणि नांदवावे, असे ती म्हणते. कार्यकर्तीचे पहिले काम ऐकण्याचे. मधे न तोडता, ‘तुझेही काही चुकले असेल’ न म्हणता ऐकणे सोपे नाही. कारण आपण सगळे जण लहानपणापासून तेच म्हणायला शिकलेले असतो.

मग तिच्याबरोबर बसून हिशेब मांडला जातो. आज रात्री घरी गेली तर जिवाला धोका आहे का? पोरे कोणापाशी आहेत? आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, बँकेचे पासबुक तिच्या हाती आहे का? गावात तिच्या बाजूने कोण उभे राहील? शेजारीण, मामा, अंगणवाडी ताई, आशा, पोलीस पाटील? या उत्तरांवर पुढची पावले ठरतात. काही वेळा पोलीस आणि कार्यकर्ती मिळून सासरी जातात आणि तिचे स्त्रीधन, कपडे, पोरांची दप्तरे आणतात. काही वेळा दोन्ही बाजूंची बैठक होते आणि नवऱ्याला लेखी हमी द्यावी लागते. काही वेळा तिला निवारागृहात पोहोचवावे लागते, काही वेळा थेट गुन्हा दाखल करायला तिच्या सोबत बसावे लागते. प्रत्येक वेळी तिला काय हवे ते पुन्हा विचारले जाते, कारण पहिल्या दिवशी नांदायला जायचे म्हणणारी बाई तिसऱ्या भेटीत पोटगी आणि वेगळे राहणे मागू शकते. तिने विचार बदलला म्हणून तिला खोटे ठरवायचे नसते.

गावातल्या समझोत्यापेक्षा कक्षातली बैठक वेगळी कशी, हे येथे नीट सांगायला हवे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, भाऊबंदकीचे अनेक तंटे त्यामुळे गावातच मिटले, हे खरे. पण नवरा-बायकोचा मामला तंटामुक्तीच्या पंचांपुढे गेला, की तेथे दोन्ही पक्ष सारखेच मानले जातात. ज्याने मारले तो आणि जिने मार खाल्ला ती, दोघांनाही ‘थोडे-थोडे सोडा’ असे सांगितले जाते. गाव तंटामुक्त झाल्याची नोंद होते आणि बाई त्याच घरात परत जाते. कक्षाच्या कामात मारहाण हा वाटाघाटीचा विषय नसतो. पैसा, राहणे, पोरांची शाळा यावर बोलता येते, मारायचे की नाही यावर बोलणी होत नाहीत. आणि बलात्कार, लहान मुलीवरचा अत्याचार यांत बैठकीला जागाच नसते. तेथे पहिले काम जिवाचे, दवाखान्याचे आणि गुन्हा नोंदवण्याचे.

कायदे आले, कामे वाढली

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि कक्षाच्या हाती खरे हत्यार आले. तोपर्यंत बाईला मुख्यतः मिळू शकत होती ती नवऱ्याची शिक्षा. नव्या कायद्यामुळे तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम, पोरांचा ताबा आणि नुकसानभरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येऊ लागले. हा अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा महिनोन्‌महिने चालतात. संरक्षण अधिकाऱ्याचे पदही सुरुवातीला इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांकडे जादा काम म्हणून गेले. ज्यांच्या टेबलावर आधीच जमिनीचे दाखले आणि योजनांच्या फायली होत्या, त्यांच्याकडून घरगुती घटना अहवाल वेळेवर निघणे अवघड होते. तो अहवाल बाईच्या शब्दांत, तारखांसह, जखमांसह नीट लिहून देणे हे अनेक ठिकाणी कक्षातल्या कार्यकर्तींच्या अंगावर आले.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत बदलाची एक लाट विदर्भातूनच उठली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या तपासणीतील अशास्त्रीय आणि अपमानास्पद पद्धतींचा अभ्यास मांडला. डॉ. रंजना पारधी यांची जनहित याचिका नागपूर खंडपीठापुढे गेली. त्यातून २०१३ मध्ये महाराष्ट्राचे तपासणीचे नवे नियम आले आणि ‘दोन बोटांची चाचणी’ त्यांतून वगळली गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही ती चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायदा कडक झाला, खासगी असो वा सरकारी, प्रत्येक दवाखान्याला पीडितेवर मोफत उपचार करणे बंधनकारक झाले. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे सक्तीचे केले. २ ऑक्टोबर २०१३ रोजी राज्याने ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. २०१७ मध्ये तिच्यातील साहाय्याची कमाल मर्यादा १० लाख रुपयांपर्यंत वाढवून काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिले गेले.

१ एप्रिल २०१५ पासून केंद्राची ‘सखी’ वन स्टॉप सेंटर योजना आली. एकाच छताखाली दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा अशी तिची रचना आहे. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली ही केंद्रे, १८१ हेल्पलाइन आणि निवारागृहे, म्हणजे आताची ‘शक्ती सदने’, एकत्र आणली गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ४९८-अ हा आकडा जाऊन ८५ आणि ८६ ही कलमे आली. गावात अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावली’ असेच म्हणतात आणि पुढची काही वर्षे तसेच म्हणत राहतील.

कायद्याच्या या वाढीबरोबर उलट दिशेचा दाबही वाढला. जुलै २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ मध्ये सरसकट अटक करू नये, असे सांगितले. २०१७ मध्ये राजेश शर्मा प्रकरणात कुटुंब कल्याण समित्यांकडे तक्रारी आधी पाठवण्याचे निर्देश आले; २०१८ मध्ये न्यायालयानेच ते बदलले. ‘खोट्या केसेस’ हा शब्द चावडीवर रुळला. याचा परिणाम असा झाला, की ठाण्यात आलेल्या खऱ्या तक्रारीकडेही आधी संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा काळात तक्रार नीट ऐकून, पारखून, लिहून घेणाऱ्या कार्यकर्तीची गरज उलट वाढली.

घाटावर आणि घाटाखाली

हे सगळे बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहिले, की प्रश्न वेगळा दिसतो. जिल्ह्यात तेरा तालुके. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे अजिंठ्याच्या पठारावरचे, म्हणजे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर वगैरे पूर्णेच्या खोऱ्यातले, घाटाखालचे. जिल्ह्याचे ठिकाण डोंगरावर आहे आणि मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून जाते. संग्रामपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तीवरच्या बाईला बुलढाण्याला यायचे, तर पूर्णा ओलांडून शेगाव-खामगाव गाठायचे आणि मग घाट चढायचा. लोणारच्या दक्षिणेकडच्या गावांतून यायचे, तर तिचाही दिवस एसटीत जातो. शेतमजुरी बुडते, तिकिटाला पैसे लागतात आणि कडेवर एक, बोटाला एक अशी पोरे असतात.

त्यात बाई एकदाच येत नाही. पहिली तक्रार, मग बैठक, मग वकील, मग तारीख. एका हेलपाट्यात काम झाले नाही, की दुसऱ्या वेळी ती येतेच असे नाही. नवऱ्याला एवढेच हवे असते. म्हणून एका जिल्ह्याला एक केंद्र, ही मोजणी कागदावर पूर्ण दिसली तरी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अपुरी पडते. १८१ वर फोन लावला तरी तिच्यापर्यंत गाडी पोहोचायला घाट तोच असतो.

शेतीचे गणित हाही याच गोष्टीचा भाग आहे. कापूस आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात पीक बुडाले की कर्ज वाढते, कर्ज वाढले की दारू वाढते आणि त्याचा राग घरातल्या बाईवर निघतो, हे कोणत्याही आशा कार्यकर्तीला विचारले तरी ती सांगेल. मात्र त्याला कारण म्हणावे, सबब म्हणू नये. पिकाने सगळ्यांनाच मारले, तरी घरात हात उचलणारा एकच असतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाईवर तर दीर-सासऱ्यांकडून सातबारावरचे नाव काढण्यासाठी छळ होतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला भरवलेले महिला अधिवेशन आणि पुढे चालवलेले ‘लक्ष्मीमुक्ती’चे काम, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचे आवाहन, या संदर्भात आजही आठवण्यासारखे आहे. जिच्या नावावर एक एकर आहे, तिला घराबाहेर काढताना चार वेळा विचार करावा लागतो.

बालविवाहाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. अठरा पुरी होण्याआधी लग्न लावलेली मुलगी गरोदर होऊन दवाखान्यात येते, तेव्हा डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरला आहे. मुलीच्या मनात मात्र त्या क्षणी भीती एकच असते, आता नवरा जेलमध्ये जाईल आणि माहेर-सासर दोन्ही तुटेल. त्या भीतीने कुटुंबे दवाखानाच टाळतात आणि बाळंतपण घरात होते. अशा मुलीसमोर कायद्याचे कलम वाचणारा माणूस पुरेसा नसतो. तिच्या खोलीत बसून, तिला समजेल अशा वऱ्हाडीत, पुढे काय होणार आहे हे सांगणारी बाई लागते.

चाळीस वर्षांचा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के होत्या. चारांतल्या तिघींनी तर कोणाला काही सांगितलेच नव्हते. ज्यांनी मदत मागितली, त्या प्रथम माहेरी गेल्या. ठाण्यात पोहोचलेल्या फारच थोड्या. एवढ्या वर्षांच्या कामानंतरचा हा आकडा कोणालाही सुखावणारा नाही.

तरी या चाळीस वर्षांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, ठाण्यात समाजकार्यकर्ती बसली तर पोलिसांचे कामही सुधारते. ज्या ठाण्यात ती असते, तेथे ‘घरी जा, संसार कर’ असे सांगून परत पाठवणे तेवढे सोपे राहत नाही. दुसरी, समुपदेशन म्हणजे समझोता नव्हे, ही समज शासनाच्या कागदापर्यंत तरी पोहोचली. उणेही दोन आहेत. ही कामे करणाऱ्या बहुतेक जणी कंत्राटी आहेत; मानधन तुटपुंजे आणि तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा ऐकणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नोकरीची शाश्वती नसावी, हे या व्यवस्थेचे मोठे अपयश आहे. आणि दुसरे, सेवा वाढल्या तरी त्या जिल्ह्याच्या ठिकाणीच एकवटल्या. ‘सखी’, विशेष कक्ष, संरक्षण अधिकारी, विधी सेवा, बाल कल्याण समिती यांची दारे वेगवेगळी राहिली आणि एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याचे काम बाईलाच करावे लागते.

रात्री-अपरात्री बाईला सोबत करणाऱ्या समाजकार्यकर्ती, ठाण्यात त्यांना जागा आणि मान देणारे पोलीस अधिकारी व महिला अंमलदार, फी न घेता उभे राहिलेले वकील, जखमेकडे पाहून योग्य प्रश्न विचारणाऱ्या परिचारिका, आणि सगळ्यांत आधी खबर देणाऱ्या अंगणवाडी ताई व आशा यांच्यामुळे हे काम उभे आहे. यांतल्या बहुतेकींची नावे कुठल्याच अहवालात येत नाहीत, आणि ज्या बायकांसाठी हे काम झाले त्यांची नावे येथे येऊ नयेत, हे योग्यच आहे.

पुढच्या कामासाठी जिल्ह्यातील वाचकांकडे तीन मागण्या आहेत. घाटाखाली आणि दक्षिणेच्या टोकाला, तालुक्याच्या ठाण्यात, आठवड्यातून ठरलेल्या वारी तरी प्रशिक्षित कार्यकर्ती बसावी, यासाठी ग्रामसभांनी ठराव करून जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावेत. दर वर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारी गर्दी, शेगावची वारी, आठवडी बाजार आणि एसटी स्थानके येथे महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, बालकांसाठी १०९८ आणि विधी सेवेचा १५१०० हे चार क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत; स्त्रीला वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही तेथेच लिहावे. आणि तिसरी मागणी प्रत्येक घराकडे आहे. मुलगी, सून, शेजारीण मार खाऊन दारात आली, तर तिला आधी आत घ्या, पाणी द्या आणि तिला काय हवे ते विचारा. उद्या परत पाठवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे.